पहिलं धान्य पेरणाऱ्याच्या मागावर : सिडनी ते कॅम्पबेलटाउन, चार दिवस

माझ्या सासूबाई ऑस्ट्रेलियन. त्यांच्या माहेरी एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची: आपली माणसं स्वतःच्या पैशानं तिकीट काढून इकडे आली. सासरे गेल्यावर सासूबाईंनी माहेरच्या जुन्या पेट्या उपसायला घेतल्या. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले एकाला एक जोडत त्या सात पिढ्या मागे पोचल्या, आणि तिथं त्यांना जेम्स रूस भेटला. कॉर्नवॉलमधला शेतकरी गडी. १७८२ साली घर फोडून दोन चांदीची घड्याळं चोरल्याबद्दल त्याला फाशी सुनावली गेली, मग ती बदलून सात वर्षांची हद्दपारी झाली. पाच वर्षं प्लिमथच्या बंदरात नांगरलेल्या तुरुंगजहाजावर काढून तो इंग्लंडहून कैदी घेऊन निघालेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातल्या 'स्कारबरो' जहाजानं जानेवारी १७८८ मध्ये सिडनीला उतरला.

याच माणसाला पुढे न्यू साउथ वेल्समधली पहिली जमीन मिळाली. त्याचं नाव इथली शाळकरी मुलं इतिहासात शिकतात. सासूबाईही शिकल्या होत्या. आपल्याच घरातल्या माणसाबद्दल परीक्षेत उत्तरं लिहिली आणि घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, याचं त्यांना फार लागलं होतं. कैद्याचं रक्त म्हणजे डाग, ही समजूत इथं खूप वर्षं टिकली. लोक वंशावळीतून नावं गाळत असत. आता उलट झालंय, पहिल्या ताफ्यातला पूर्वज सापडला की लोक अभिमानानं सांगतात.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांना त्या सगळ्या जागा डोळ्यांनी बघायच्या होत्या. ऑगस्टमध्ये माझी आई राजापूरहून आमच्याकडे कॅनबेराला आलेली होती. तिला घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून तीही निघाली. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. सासूबाईंना मराठी येत नाही. दोघी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणतात, सासूबाई ते 'विनबाय' असं म्हणतात, आणि यापुढचं सगळं भाषांतर माझ्याकडे.

दिवस पहिला, शुक्रवार : कागद

सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटवरच्या राज्य ग्रंथालयात, मिचेल लायब्ररीत, दिवसभर बसलो. वाचनालयात शिरल्यावर आईनं आपोआप चपला काढल्या. तीन मजले उंच पुस्तकांच्या भिंती आणि वरून काचेतून येणारा उजेड बघून तिला देवळात आल्यासारखं वाटलं असावं. मीही तिला पुन्हा घालायला सांगितलं नाही.

सासूबाईंना हवी होती १८२८ ची शिरगणती. तीत प्रत्येक माणसापुढे वय, आला कोणत्या जहाजानं, शिक्षा किती, धर्म, धंदा, जमीन आणि जनावरं किती हे लिहिलेलं आहे. रूसची नोंद मिळाली. पहिल्या जमिनीचा मालक त्या वर्षी लोअर मिंटो इथं एका कॅप्टन ब्रुक्सच्या जमिनीवर मुकादम होता. सासूबाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या.

आईनं विचारलं, "मग ह्याची जमीन गेली कुठं?"

तोच प्रश्न घेऊन आम्ही पुढचे तीन दिवस फिरलो.

(कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर: आधी घरबसल्या करता येईल तेवढं करा. राज्य अभिलेखागाराच्या सूच्या ऑनलाइन आहेत, जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मूळ कागद बघायला ग्रंथालयाचं वाचक कार्ड लागतं, ते मोफत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. नावांची स्पेलिंगं चार-चार प्रकारे शोधा. लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. आणि ज्यांचे पूर्वज कैदी होते त्यांनी जहाजाचं नाव आधी शोधावं, कारण सरकारी कागदांत माणसाची ओळख त्याच्या जहाजावरूनच आहे.)

दिवस दुसरा, शनिवार : परमॅटा

सर्क्युलर की धक्क्यावरून नदीनं जायचं आम्ही मुद्दाम ठरवलं होतं. १७८८ च्या नोव्हेंबरात वसाहतीची शेती करायला माणसं नेली ती याच वाटेनं. सिडनीच्या खाडीकाठची जमीन रेताड, तिथं गहू उगवेना. आत नदीच्या टोकाला माती बरी सापडली, तिला त्यांनी रोझ हिल म्हटलं. पण नाव टिकलं ते मूळचं, परमॅटा. तिथल्या मूळ रहिवासी बुरामाटागल लोकांचं, म्हणजे जिथं वाम मिळतात त्या जागेचं. मी आईला सांगितलं, तर ती लगेच रेलिंगवरून पाण्यात बघायला लागली. आमच्या खाडीतही वाम मिळते, आणि चिखल दिसला की वाम असणारच, हा तिचा हिशेब.

चिखल लवकरच दिसला. रायडलमेरला बोट थांबली, ओहोटी लागल्यामुळे पुढे जाता येईना, शेवटचा टप्पा बसनं. इतर प्रवासी जरा कुरकुरले. आई मात्र म्हणाली, "भरती बघूनच निघायला हवं होतं, गो." (तुम्हीही भरतीची वेळ बघून निघा. दीड तासाचा सुरेख प्रवास आहे. ऑगस्टमध्ये वर डेकवर वारा बोचतो, कानटोपी हवीच.)

रूसचं शेत होतं ती जागा आज हॅरिस पार्क उपनगरात आहे. आता हे ऐकल्यावर सिडनीचे मराठी वाचक हसतील, कारण हॅरिस पार्क म्हणजे सिडनीतलं छोटं भारत. विग्रम स्ट्रीटवर डोशाचा आणि जिलबीचा वास, साडीची दुकानं, पानाचं दुकान. तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की रूस स्ट्रीट, आणि तिच्यावर एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज. मी या भागात वाणसामान घ्यायला कितीदा आले असेन. माझ्या नवऱ्याच्या आठ पिढ्यांमागच्या माणसानं इथं कुदळ मारली होती हे कधी मनातही आलं नव्हतं.

घर रूसचं नाही. त्यानं १७९३ मध्ये हे शेत जॉन हॅरिस नावाच्या डॉक्टरला ४० पौंडांना विकलं, आणि हे घर हॅरिसनं १८३५ च्या सुमारास बांधलं. हॅरिस आधी नौदलात शल्यचिकित्सक होता, आणि ती नोकरी बरीचशी भारतात झालेली. घर बैठं, तिन्ही बाजूंनी उतरत्या छपराची रुंद पडवी. आई पायरीवर टेकली आणि म्हणाली, "ही तर आपली पडवी." घर दाखवणाऱ्या स्वयंसेविका आजींना मी हे इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर ओळखलं त्यांनी, हा बंगला आहे, आणि बंगला हा शब्दच तुमचा." मग त्यांनी आईला पडवीतच खुर्ची आणून दिली आणि रूसची गोष्ट तिथं बसून सांगितली.

ती सविस्तर लिहिते, कारण माझ्यासाठी या प्रवासातला सगळ्यात मोलाचा तास हाच होता.

१७८९ च्या जुलैत रूस गव्हर्नर फिलिपकडे गेला, म्हणाला माझी सात वर्षं भरली. ते तपासायला फिलिपकडे कागदच नव्हते, कैद्यांच्या शिक्षेच्या नोंदी इंग्लंडातच राहिलेल्या. वसाहत तेव्हा उपाशी होती. मदतीला निघालेलं 'गार्डियन' जहाज त्याच डिसेंबरात हिमनगावर आदळलं, रेशन कापलं गेलं. फिलिपला एकच जाणून घ्यायचं होतं: एका माणसाला थोडी साफ केलेली जमीन, झोपडी, अवजारं, बी आणि सुरुवातीचं खाणं दिलं, तर तो स्वतःच्या पोटापुरतं पिकवायला किती काळ घेईल? म्हणून हे 'एक्सपेरिमेंट' फार्म. प्रयोग रूसवर होता.

पुढच्या वर्षी वॉटकिन टेंच हा सैनिकी अधिकारी शेत बघायला आला आणि रूसनं तोंडी सांगितलेली सगळी रीत त्यानं लिहून ठेवली. पाडलेली झाडं जाळली. राख मातीत खणून मिसळली. मग कुदळीनं जमीन उकरली, दिवसाला आठ किंवा फार तर नऊ रॉड, पण नीट, सरकारी शेतासारखी वरवर खरवडून नव्हे. ढेकळं फोडली, गवत आणि तण आत गाडलं. जमीन ऊन-वारा खात पडू दिली, आणि पेरायच्या आधी पुन्हा एकदा उलथली.

मी वाक्यावाक्याला मराठी करत होते. राखेपाशी आल्यावर आई मध्येच बोलली, "राब केला त्यानं."

कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पाऊस पडायच्या आधी कवळं, पालापाचोळा, शेण पसरून भाजायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची. वरकस उतारावर नांगर चालत नाही तिथं नाचणी-वरीला कुदळच. आईचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. तिनं विचारलं, रॉड म्हणजे किती? मी फोनवर हिशेब केला. चार चौरस रॉड म्हणजे बरोबर एक गुंठा. म्हणजे दिवसाला दोन गुंठे, कधी जरा जास्त.

"एकट्यानं दोन गुंठे?" आईनं सासूबाईंचा हात धरला. "विहीणबाई, तुमचा माणूस खरा शेतकरी हो."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्यांना इतिहासकारांनी आणि पुस्तकांनी सांगितलेलंच होतं की तो चांगला शेतकरी होता. हातात कुदळ धरलेल्या माणसानं सांगितलं ते पहिल्यांदा.

नांगर का नाही, हेही आईनं विचारलं. कारण ओढायला बैल नव्हते. ताफ्यानं केप टाउनहून आणलेली गुरं पहिल्याच वर्षी रान शोधत निघून गेली. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, ती कॅमडनच्या बाजूला सापडली, तेव्हा त्यांची संख्या साठावर गेलेली होती.

फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसनं सरकारला कळवलं की आता मला तुमचं धान्य नको. मग तिथले तीस एकर कायमचे त्याच्या नावावर झाले. दरम्यान, सप्टेंबर १७९० मध्ये त्याचं एलिझाबेथ पेरीशी लग्न झालं होतं. तीही कैदी, त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'लेडी जुलियाना' या बायकांच्या जहाजातून आलेली. येऊन जेमतेम तीन महिने झाले तोच तिचा संसार त्या राखेच्या शेतात सुरू झाला. पुस्तकांत तिच्यावर दोन ओळी असतात. खणलेल्या दोन गुंठ्यांमागे घरचा स्वैपाक, पाणी, कोंबड्या, पोरं कुणी बघितली असतील हे आई आणि सासूबाई दोघींनाही सांगावं लागलं नाही.

परतताना सेंट जॉन्स दफनभूमीत हेन्री डॉडची कबर बघितली. १७९१ ची. डॉड रोझ हिलच्या सरकारी शेताचा प्रमुख होता आणि त्याच्या शेतात रूसच्या आधी गहू कापला गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, चौथ्या दिवशी लागेल.

हॅरिस पार्कात एका गुजराती दुकानातून आईनं साबुदाणा आणि दाण्याचं कूट घेतलं, सोमवारच्या उपासासाठी. श्रावण होता. जेवायला थाळी घेतली. सासूबाईंना कढी इतकी आवडली की त्यांनी वाटी तोंडाला लावली.

(कॉटेज आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, जायच्या आधी वेळ तपासा. हॅरिस पार्क स्टेशनवरून चालत जाता येतं.)

दिवस तिसरा, रविवार : नदीकाठ

मोटारीनं विंडसर आणि पुढे पिट टाउन बॉटम्स. पिट टाउनला आगगाडी जात नाही.

शेत विकल्यावर रूस इंग्लंडला परत जायच्या विचारात होता. गेला नाही. जानेवारी १७९४ मध्ये हॉक्सबरी नदीकाठी जमीन कसायला आलेल्या बावीस जणांत तो होता. परमॅटाच्या मानानं ही माती सोन्यासारखी, नदीनं आणून टाकलेला गाळ. आज तिथं हिरवळीच्या लाद्या पिकवतात, मैलभर सपाट हिरवं आणि मधून संथ नदी. वाऱ्याला वॉटलच्या पिवळ्या फुलांचा वास. रस्त्याकडेला लिंबं आणि संत्र्यांच्या पिशव्या, माणूस नाही, नुसता डबा: पैसे टाका, पिशवी घ्या. आईनं दोन पिशव्यांचे पैसे टाकले आणि डबा हलवून आवाज ऐकून घेतला.

गाळाची जमीन म्हणजे पूर आलाच. १८०६ च्या पुरात इथली पिकं गेली आणि अख्खी वसाहत उपाशी राहायची वेळ आली. आजही तेच. जुलै २०२२ मध्ये विंडसरच्या पुलापाशी नदी जवळपास १४ मीटर चढली होती. एका शेतकरी बाईंनी कुंपणाच्या तारेवर, माझ्या डोक्याच्याही वर, अडकून वाळलेला काडीकचरा दाखवला. त्या तिसऱ्यांदा घर धुऊन काढून पुन्हा तिथंच राहतात.

नदीकाठी बसून सँडविच खाताना आई म्हणाली, "एवढी चांगली जमीन. ह्यांच्या आधी कोण कसत होतं?"

मी सासूबाईंना सांगितलं. त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे तू तिला नीट सांग, काही गाळू नको.

या नदीचं नाव डायराबिन. काठावर इथल्या मूळ रहिवासी धारुग लोकांच्या बायका काठ्यांनी खणून कंद काढायच्या. नुसते काढायच्या नाहीत, पुढच्या वर्षी येतील असे ठेवायच्या. रूस आणि बाकीच्यांनी मका पेरला तो नेमका त्या कंदांच्या जागी. धारुग लोक आपल्या जागेवर येऊन मका नेऊ लागले, त्याला चोरी म्हटलं गेलं, बंदुका निघाल्या. १७९५ मध्ये सरकारनं इथं सैनिक पाठवले आणि माणसं मारली गेली. तंटा पुढे वीस वर्षांवर चालला. 'पहिली जमीन दिली' असं पुस्तकात वाचताना देणाऱ्याकडे ती आली कुठून, हा प्रश्न शाळेत कुणी विचारला नाही, असं सासूबाई म्हणाल्या. घड्याळं चोरली म्हणून ज्याला फाशी सुनावली गेली, त्यालाच दुसऱ्यांची जमीन सरकारनं सही-शिक्क्यानं दिली.

आईनं सोललेलं संत्रं तसंच हातात धरलं होतं. "म्हणजे राखण पण दोन्हीकडून करायला लागली असणार," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ आम्ही पाण्याकडे बघत बसलो.

विंडसरमध्ये सेंट मॅथ्यूज चर्च जरूर बघा, लाल विटांचं. त्याचा आराखडा करणारा फ्रान्सिस ग्रीनवे हाही कैदी म्हणूनच आलेला.

दिवस चौथा, सोमवार : दगड

पहाटे मोटेलच्या खोलीत आईनं साबुदाणा खिचडी केली, विजेच्या एका छोट्या तव्यावर. सासूबाईंनीही आईबरोबर उपास धरला. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कॅम्पबेलटाउन कॅनबेराच्या वाटेवरच आहे. बोचरा पश्चिमी वारा सुटलेला. सेंट जॉन्स कॅथलिक चर्चची जुनी दफनभूमी टेकडीवर आहे, खाली सगळं गाव पसरलेलं. रूस आयुष्याच्या शेवटी कॅथलिक झाला होता. एलिझाबेथ १८३६ मध्ये गेली, तो सप्टेंबर १८३७ मध्ये.

मधल्या चाळीस वर्षांत त्यानं हॉक्सबरीचं शेत केलं आणि घालवलं, १८०९ मध्ये बँक्सटाउनला शंभर एकर मिळाले, तेही हातात राहिले नाहीत, आणि म्हातारपणी तो दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादम झाला. आईच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच होतं. पूर, कर्ज, विक्री. आईला त्यात नवल वाटलं नाही. तिनं आमच्याच वाडीतली तीन नावं घेतली.

त्याच्या नावावर शेवटपर्यंत राहिला तो दगड. तो त्यानं जिवंतपणीच स्वतः कोरायला घेतला होता असं मानतात, मरणाची तारीख अर्थातच दुसऱ्या कुणी घातली. मूळ दगड जपून ठेवण्यासाठी हलवलाय, कबरीवर त्याची प्रतिकृती आहे. सासूबाईंनी त्यावरचं शेवाळं हातरुमालानं पुसलं आणि मोठ्यानं वाचलं. मी मराठी केलं:

आईनं मला मायेनं वाढवलं, माझ्यासाठी तिनं फार कष्ट घेतले. या वसाहतीत आलो तेव्हा पहिलं धान्य मी पेरलं. आता स्वर्गातल्या बापापाशी कायमचं राहायची आशा आहे.

पहिलं धान्य त्याचं नव्हतं, डॉडच्या शेतातलं होतं, हे आम्हा तिघींना दोन दिवसांपूर्वीच कळलेलं होतं. पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतःच्या मर्जीनं पेरलेलं पहिलं धान्य त्याचंच, आणि माझ्या मते त्याला तेच म्हणायचं होतं. सात वर्षांची शिक्षा, जहाज, सरकार, यातलं काही त्यानं दगडावर विस्तारानं लिहिलं नाही. आई लिहिली आणि पेरणी लिहिली.

दगडावरची जवळजवळ प्रत्येक ओळ अशुद्ध आहे. 'फर्स्ट'चं 'फॉर्स्ट' झालंय, 'कॉलनी' एकाच दगडावर दोन प्रकारे लिहिली आहे. बोलताना कॉर्नवॉलचा माणूस जसं उच्चारेल तसं. सासूबाई वाचताना त्या चुकांसकट वाचत होत्या आणि मला एकदम तो आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं.

मी रत्नागिरीला वसतिगृहात होते तेव्हा आईची पत्रं यायची. ऱ्हस्व-दीर्घ काही धड नसायचं. मी ती लाल पेनानं दुरुस्त करून ठेवत असे, पुढच्या भेटीत तिला दाखवायला. तिनं मग पत्रं लिहायची बंद केली.

सासूबाईंनी पर्समधून १८२८ च्या शिरगणतीची छापील प्रत काढली, उलटी केली आणि पेन आईपुढे धरलं. "विनबाय," त्या म्हणाल्या, "तुमच्या अक्षरात. मला घरी लावायचंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती थडग्याच्या कठड्यावर कागद ठेवून, वाऱ्यानं उडू नये म्हणून डाव्या हाताचा पंजा त्यावर दाबून, हळूहळू लिहीत गेली. आता तो कागद सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत आहे:

"आइन मला मायेन वाढवल. माझ्या साठि खुप कश्ट घेतले. मि इथ आलो आणी पयल धान्य पेरल."